कूलरचा स्विच बंद होता, तरी टाकीत हात घालताच करंट लागला. असं का झालं?

मोर्णाकाठ | २३ मार्च, रात्री ९:५०

अकोल्यात उन्हं तापायला लागली, म्हणून काल रविवारी गच्चीवरच्या शेडमधून कूलर अंगणात उतरवला. पत्र्याचा आहे, बारा वर्षांचा. दरवर्षी त्याची सगळी कामं मीच करतो. ताट्यांमधलं जुनं गवत काढून नवीन भरायचं, टाकीतला गंज खरवडून आतून डांबर मारायचं, पंपाची जाळी धुवायची. वडिलांकडून शिकलो आणि मला या कामाची आवडही आहे.

सगळं झाल्यावर कूलर चार विटांवर ठेवला, पाणी भरलं, चालू करून पाहिला. उजवीकडच्या ताटीवर पाणी चढत नव्हतं. मग पॅनलवरचा पंपाचा स्विच बंद केला, पंखाही बंद केला, मागची ताटी काढली आणि पंप उचलायला टाकीत हात घातला. बोटं पाण्याला लागली न लागली तोच खांद्यापर्यंत झटका बसला. हात आपोआप मागे फेकला गेला आणि कोपर पत्र्याच्या कडेवर आपटलं. तीन टाके पडले.

टाके भरून येतील. पण माझी नऊ वर्षांची मुलगी पाण्याचा पाइप धरून शेजारीच उभी होती, ओल्या फरशीवर अनवाणी. "बाबा, माझा हात बारीक आहे, मी काढू का पंप?" असं तिने दोनच मिनिटं आधी विचारलं होतं. कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माझी जोडणी सांगतो. कूलरच्या वायरला टू-पिन टॉप आहे. तो खिडकीतून बाहेर काढलेल्या एक्सटेन्शन बोर्डात होता, बोर्डाचा स्विच चालू होता. घराचं वायरिंग १९९६ चं, लाल-काळ्या-हिरव्या वायरचं. मेन बोर्डात किटकॅट (जुने तारेचे फ्यूज) काढून एमसीबी बसवलेत. इन्व्हर्टर आहे. झटका बसला तेव्हा कुठलाही एमसीबी पडला नाही. नंतर पत्र्याच्या एका खरवडलेल्या जागेला टेस्टर लावला, तर दिवा मंद लागला.

माझे दोन प्रश्न. स्विच बंद असताना करंट आला कुठून? आणि एमसीबी पडला का नाही?

जुना निदेशक | २३ मार्च, रात्री १०:३५

आधी एक विनंती. तो कूलर, ते एक्सटेन्शन आणि तो पंप परत लावून बघू नका. टॉप सॉकेटमधून काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. तुम्ही ऑफिसात असताना दुसरं कोणी उत्साहाने चालू करेल.

मी आयटीआयमध्ये २८ वर्षं वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन्ही शाखांना शिकवलं. तुमच्या वर्णनावरून जे दिसतं ते लिहितो.

टू-पिन टॉप सॉकेटमध्ये सुलट बसतो, तसा उलटही बसतो. सुलट बसला तर फेज, म्हणजे वीज आणणारी तार, कूलरच्या स्विचकडे जाते, स्विच बंद केला की वीज तिथेच थांबते. उलटा बसला तर फेज थेट पंपाच्या वायंडिंगला जातो आणि स्विच येतो न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत. स्विच बंद केला की पंप थांबतो, कारण परतीची वाट तुटलेली असते. पण वायंडिंगवर पूर्ण २३० व्होल्ट तसेच उभे असतात. पंप थांबलेला पाहून आपण म्हणतो, "बंद आहे." थांबलेलं यंत्र आणि वीज काढलेलं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवर्षी नवीन तुकडीला पहिल्या दिवशी मी हेच फळ्यावर लिहायचो.

दुसरी गोष्ट, पंपाचं आतलं इन्सुलेशन गेलं असणार. छोट्या पंपाचं वायंडिंग प्लॅस्टिकच्या डबीत राळ ओतून बंद केलेलं असतं. आठ-नऊ महिने पंप गच्चीवर तापतो, राळेला बारीक चिरा जातात आणि पहिल्यांदा पाण्यात बुडवला की पाणी आत शिरतं. काही वेळा राळ चांगली असते, पण वायरचा जोड पाण्याच्या पातळीखाली टेप गुंडाळून केलेला असतो. टेप पाणी अडवत नाही.

तिसरी गोष्ट, टू-पिनला अर्थिंगच नाही. पाण्यातून पत्र्यावर आलेला करंट जमिनीत जायला वाट नव्हती, कारण कूलर कोरड्या विटांवर होता. ती वाट तुम्ही झालात. बाहेरून पत्र्याला हात लागूनही तुम्हाला आधी जाणवलं नाही, कारण बाहेर रंगाचा थर आहे आणि हात कोरडा होता. आत ओला हात थेट पाण्याला लागला.

एमसीबीचा प्रश्नही यातच सुटतो. तो वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. माणसाच्या शरीरातून त्याचा शंभरावा हिस्साही घात करायला पुरतो, म्हणून एमसीबीला काही कळलंच नाही.

गच्चीवरचा | २३ मार्च, रात्री ११:०५

मी कायम रबरी चप्पल घालून काम करतो, आजपर्यंत काही झालं नाही. तुमची चप्पल पायात होती का?

मोर्णाकाठ | २३ मार्च, रात्री ११:२०

होती. पण सकाळपासून धुण्याचं काम चालू होतं, चप्पल आतून-बाहेरून चिंब ओली होती.

वायरमन ४४० | २४ मार्च, सकाळी ७:१५

गच्चीवरचे भाऊ, चपलेच्या भरवशावर राहू नका. ओली चप्पल, झिजलेली चप्पल, खिळा घुसलेली चप्पल, सगळ्या घातलेली माणसं चिकटलेली पाहिली आहेत मी. आणि चप्पल कोरडी असली तरी एक हात वायरला अन् दुसरा हात पत्र्याला, नाही तर नळाला लागला, तर करंट छातीतूनच जातो. तिथं पायात काय आहे याचा काही संबंध राहत नाही.

मी चंद्रपूरकडचा. वायरमनचं लायसन आहे, २२ वर्षं झाली. मार्च लागला की आमच्याकडे दिवसाला चार-पाच कूलर असतात. लोक काय करून राहिले ते सांगतो. कूलर चालू ठेवूनच पाइपनं पाणी भरतात. पंपाची वायर तुटली की दातानं सोलून पीळ देतात अन् वरून टेप. स्टँड लोखंडाचा, खिडकीची जाळी लोखंडाची, कूलर त्या जाळीला टेकलेला, म्हणजे करंट उतरला की पूर्ण खिडकीच जिवंत. लहान पोरं खिडकीत उभी राहतात हो. उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणूस गेल्याची बातमी आमच्याकडे दर साली येते. मी दोन घरी स्वतः गेलो होतो, सगळं झाल्यावर. दोन्ही ठिकाणी टू-पिन टॉप होता.

माझा नियम एकच. टॉप काढायचा अन् तो काढलेला टॉप माझ्या डोळ्यांपुढे, माझ्या पायाजवळ ठेवायचा. बटण बंद केलं, एमसीबी पाडला, यावर कामाला हात लावत नाही. टॉप दिसला पाहिजे.

सांजवेळ | २४ मार्च, दुपारी १:४०

निदेशक सर, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या फ्रिजला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. लॅपटॉप चार्जिंगला असताना मांडीवर घेतला तरी तसंच. घरात सगळे म्हणतात, "ते नॉर्मल आहे." खरंच आहे का?

जुना निदेशक | २४ मार्च, दुपारी ३:१०

सांजवेळ, लॅपटॉपचं आणि फ्रिजचं वेगवेगळं सांगतो.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आणि बऱ्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणांमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. थ्री-पिन टॉप असून अर्थिंग नसेल, तर त्यांच्यामुळे धातूच्या बॉडीवर जवळजवळ निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास दिसतो. त्यामागचा प्रवाह अगदी थोडा असतो, एक मिलिअँपिअरहून कमी. झिणझिणतं, पण घात होत नाही. मात्र ती झिणझिणी एक निरोप देते, की या सॉकेटला अर्थिंग नाही.

फ्रिजच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे कॉम्प्रेसरची मोटर आहे, डीफ्रॉस्टचा हीटर असू शकतो, आणि खाली पाणी साचतं. आजची झिणझिणी फिल्टरची असेल किंवा इन्सुलेशन जायची सुरुवातही असेल. दोन्ही सुरुवातीला सारख्याच वाटतात. उद्या इन्सुलेशन पूर्ण गेलं, तर अर्थिंग नसलेल्या फ्रिजची बॉडी २३० व्होल्टवर जाईल. ते सॉकेट आधी तपासून घ्या. तोवर फ्रिजला ओल्या हाताने आणि अनवाणी हात लावू नका.

आकड्यांत सांगायचं तर साधारण एक मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, आपण ज्याला "चिकटला" म्हणतो ते. तीसच्या पुढे धोका झपाट्याने वाढतो. पन्नास ते शंभरच्या टप्प्यात, करंट छातीतून सेकंदभर जरी गेला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या कातडीचा माणूस साधारण हजार ओहमचा धरतात. २३० भागिले हजार म्हणजे २३० मिलिअँपिअर. मोर्णाकाठ, तुमचा हात मागे फेकला गेला हे तुमचं नशीब. पंपाला मूठ आवळलेली असती, तर ती सुटली नसती.

घाटमाथ्यावरचा डॉक्टर | २४ मार्च, रात्री ८:३०

मोर्णाकाठ, टाके घातले तेव्हा ईसीजी काढला का? नसेल तर उद्या काढून घ्या. झटका हातातून शिरून पायातून किंवा दुसऱ्या हातातून निघाला असेल, तर तो छाती ओलांडून गेलेला असतो. छातीत धडधड, चक्कर, लघवीचा रंग चहासारखा गडद, यातलं काहीही झालं तर थांबू नका. विजेचा भाजलेपणा बाहेरून टिकलीएवढा दिसतो, आत स्नायू जळलेला असू शकतो.

बाकीच्यांसाठी. कोणी चिकटलेलं दिसलं तर आधी वीज तोडा. आधी हात लावला तर दोघेही जातात, आणि बहुतेक वेळा तो दुसरा माणूस घरातलाच असतो, आई किंवा भाऊ. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही माहीत हवं. मेन हाताशी नसेल, तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने वायर दूर ढकला.

वीज तुटल्यावर माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास चालत नसेल, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा चालत असेल, तर १०८ ला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेलं असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास द्या. नसेल तर नुसतं दाबत राहा. झटक्याने थांबलेलं हृदय पुष्कळदा धडधाकट माणसाचं असतं. पहिल्या काही मिनिटांत कोणी दाबलं तर परत येण्याची खरी शक्यता असते. चप्पल हुंगवणे, वाळूत पुरणे, तळवे चोळणे यात ती मिनिटं जातात. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहितो.

मोर्णाकाठ | २४ मार्च, रात्री ९:१५

डॉक्टर, ईसीजी काढला नव्हता. उद्या सकाळी जातो.

ओवरी | २५ मार्च, सकाळी १०:२०

मी मिक्सर, इस्त्री, पंखा एवढं घरीच करते. मिक्सरचे कार्बन ब्रश आणि कपलर बदलणं, इस्त्रीची मानेजवळ तुटलेली वायर बदलणं, पंख्याचा कंडेन्सर बदलणं. यूट्यूबवर पाहून शिकले, पाच वर्षं झाली. माझ्यासोबत झालेला प्रकार सांगते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

पंख्याचा कंडेन्सर बदलायचा म्हणून मी मेन स्विच खाली केला. रेग्युलेटरही बंद केला. स्टुलावर चढले, वरचा कॅनपी सरकवला आणि सवयीने टेस्टर लावला. दिवा लख्ख लागला. हॉलचा पंखा इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. मी मेन पाडल्याबरोबर इन्व्हर्टरने आपलं काम सुरू केलं होतं. वीज गेली की चालू व्हायचं, हेच तर त्याचं काम. टेस्टर लावला नसता तर मी स्टुलावरून कुठे पडले असते याचा विचार करवत नाही.

आता इन्व्हर्टर बंद करते, त्याचा आउटपुटही तोडते, मेन पाडते, आणि मेन बोर्डाला चिठ्ठी लावते, "काम चालू आहे, लावू नये". सासूबाईंना अंधार दिसला की त्या आधी मेन बघायला जातात.

जुना निदेशक | २५ मार्च, दुपारी १२:००

ओवरी, तुमची चिठ्ठी मला फार आवडली. कारखान्यात यासाठी कुलूप लावतात आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असते. घरात चिठ्ठी आणि सांगून ठेवणं. छतावर सोलर असेल तर त्याचा वेगळा स्विच कुठे आहे, हेही पाहून ठेवायचं.

टेस्टरबद्दल मात्र सावध करतो. टेस्टरचा दिवा लागला तर वीज आहे असंच धरा. दिवा लागला नाही, तर वीज नाही असं धरू नका. त्याचा दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, तर तो लागणारही नाही, किंवा इतका मंद लागेल की दिवसाच्या उजेडात दिसणार नाही. म्हणून टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासा, मग कामाच्या जागी लावा, मग परत चालू सॉकेटवर तपासा. मल्टीमीटर असेल तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा.

पंख्याच्या कंडेन्सरचाही हिशोब सांगतो, कारण त्याबद्दल भीतीही उगाच आहे आणि बेफिकिरीही. अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २३० व्होल्टच्या शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर भरलेला राहिला, तर त्यात ज्यूलचा आठवा हिस्सा ऊर्जा असते. चटका बसतो, एवढंच. पण तुम्ही स्टुलावर आहात आणि दचकून पडाल. ५० मायक्रोफॅरडच्या एसीच्या कंडेन्सरमध्ये अडीच ज्यूल. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये २२० मायक्रोफॅरडचा असेल तर साडेअकरा ज्यूलच्या पुढे, आणि तो टॉप काढल्यावरही भरलेला राहू शकतो. सोललेल्या दोन टोकांत स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढणं ही वाईट सवय आहे. टोकं वितळतात, कण डोळ्यात उडतो. काही किलोओहमचा, पाच वॉटचा रोधक दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा, तो काही सेकंद धरा आणि मग मीटरने शून्य दिसतंय का ते बघा.

कोकणकडा | २५ मार्च, दुपारी ४:४५

मायक्रोवेव्ह गरम करत नाही. आत फ्यूज गेला असेल असं वाटतंय. याच पद्धतीने कंडेन्सर रिकामा करून उघडू का?

जुना निदेशक | २५ मार्च, सायंकाळी ५:०५

नाही. कृपा करून उघडू नका.

माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यांनाही मी मायक्रोवेव्ह एकट्याने उघडू दिला नाही. जुन्या पद्धतीच्या मायक्रोवेव्हमध्ये ट्रान्सफॉर्मर २३० चे दोन हजारांहून जास्त व्होल्ट करतो, आणि त्याची एक बाजू थेट बॉडीला जोडलेली असते. त्या बाजूचा प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. पुढे मी ज्या आरसीसीबीबद्दल (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) लिहिणार आहे, त्यालाही हे दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूचा करंट तुमच्यातून गेला, तर पहिल्या बाजूला फेज आणि न्यूट्रल समानच राहतात. तिथे कुठलंच संरक्षण तुमच्या बाजूने उभं नसतं. कंडेन्सरवर चार्ज राहतो, आणि तो उतरवणारा आतला रोधक शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. हे काम सर्व्हिस सेंटरचं आहे.

मोर्णाकाठ | २६ मार्च, रात्री १०:१०

आज सकाळी ईसीजी काढला, व्यवस्थित आहे. काल तपासणीला खूप गर्दी होती म्हणून राहून गेलं होतं. डॉक्टर, आभार.

संध्याकाळी लायसन असलेल्या वायरमनला बोलावलं. त्यांनी पंपाला मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला. पंप कोरडा असताना काटा बरा होता. बादलीत दहा मिनिटं बुडवून परत घेतला तर जवळजवळ शून्य. पंपाच्या डबीला तळाशी केसासारखी चीर आहे, भिंगाशिवाय मला दिसली नसती. आणि एक्सटेन्शनची वायर आत उलटी लावलेली निघाली, फेज डावीकडे. म्हणजे निदेशक सर म्हणाले तसं, फक्त उलटलं होतं बोर्डाच्या आत. टॉप मी गेली कित्येक वर्षं एकाच बाजूने लावत आलो, तरी स्विच न्यूट्रलमध्येच होता.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी निघाली. ज्या सॉकेटमधून एक्सटेन्शन जातं, त्याच्या आत अर्थच्या पिनेतून वायरचा एक छोटा तुकडा न्यूट्रलला जोडलेला होता. अर्थची हिरवी वायर मागे तुटलेली. कोणीतरी कधीतरी "अर्थिंग करून दिलं" होतं.

वायरमन ४४० | २७ मार्च, सकाळी ६:५०

हा तुकडा लय ठिकाणी सापडतो. मोर्णाकाठ भाऊ, तो निघाला हे चांगलं झालं. समजा थ्री-पिन लावून तुम्ही निर्धास्त झाले असते अन् मागं कुठं न्यूट्रल तुटला असता, तर चालू उपकरणातून फिरून फेज सरळ बॉडीवर आला असता. अर्थ नसलेला पत्रा बरा, इतका हा तुकडा वाईट.

बाकी सगळे सॉकेट उघडून घ्या. एकात सापडला म्हणजे त्याच हातानं आणखी केलेले असतात.

सांजवेळ | २७ मार्च, सकाळी ११:३०

आमच्याकडे आलेल्या माणसाने १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला. पूर्ण प्रकाश पडला, "अर्थिंग झक्कास" म्हणाला. मग फ्रिजची काळजी सोडू ना?

जुना निदेशक | २७ मार्च, दुपारी २:२०

अजून नाही. बल्बच्या परीक्षेने एवढंच कळतं की अर्थची वायर कुठेतरी जोडलेली आहे. मोर्णाकाठ यांच्या सॉकेटमधल्या त्या तुकड्यावरही बल्ब लख्खच लागला असता.

हिशोब बघा. १०० वॉटचा पेटलेला बल्ब साधारण ५३० ओहमचा असतो. अर्थिंगचा विरोध २० ओहम असला, तरी बल्बला फारसा फरक पडत नाही, तो जवळपास तसाच लागतो. आता त्याच २० ओहमच्या अर्थिंगवर फ्रिजचा फेज बॉडीला चिकटला, तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी पडणार नाही. फ्रिज चालू, मीटर पळतंय आणि बॉडी तापलेल्या तव्यासारखी जिवंत. शिवाय अर्थिंग खराब असताना बल्बची ही परीक्षा केली, तर त्या वेळेपुरती घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या उपकरणांच्या बॉडीवर व्होल्टेज येतो. कोणी न्हाणीघरात गीझरखाली उभं असेल तर? अर्थिंग मोजायचं वेगळं मीटर असतं, त्यानेच मोजून घ्या.

आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून करतात आणि विसरून जातात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक झाली की त्याचा विरोध कितीतरी वाढतो. नेमका कूलरचा हंगाम तोच. खड्ड्याच्या नळीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतत जा. आमच्या वर्कशॉपमध्ये शिपाई मामा दर शनिवारी ओतायचे.

आणि आता आरसीसीबी. हा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत तोलत असतो. ३० मिलिअँपिअरहून जास्त फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कोणाच्या तरी अंगातून किंवा बॉडीतून जमिनीत गेला, की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. वर २० ओहमचा जो प्रसंग लिहिला, त्यात एमसीबी झोपून राहतो, आरसीसीबी तत्काळ पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. बाजारात १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आगीपासून बचावासाठी आहेत. तो ओव्हरलोड बघत नाही, म्हणून एमसीबी हवाच. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. इन्व्हर्टरच्या लाइनला वेगळा बसवा, मेनवरचा तिथे बॅटरीवर पहारा देईलच असं नाही.

त्याची एक मर्यादा मुलांना मी तीनदा सांगायचो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि पाय जमिनीपासून कोरडे असले, तर आरसीसीबीला तुम्ही बल्बसारखेच दिसता. तो पडणार नाही.

गच्चीवरचा | २७ मार्च, रात्री ९:००

आमच्याकडे बसवला होता, पण पावसाळ्यात सारखा पडायचा. शेवटी इलेक्ट्रिशियनने बायपास करून दिला.

वायरमन ४४० | २७ मार्च, रात्री ९:४०

भाऊ, तो उगाच पडत नव्हता. कुठं तरी ओल लागून करंट गळून राहिला होता, तो सांगत होता. एक-एक एमसीबी पाडून बघायचं, कोणत्या लाइनवर पडतो. मग त्या लाइनचं एक-एक उपकरण काढायचं. बहुतेक वेळा गीझरचं एलिमेंट, बाहेरचा दिवा, नाही तर पाण्याची मोटर निघते. दुरुस्त करा अन् बायपास उद्याच काढा.

गच्चीवरचा | २९ मार्च, सायंकाळी ६:१५

काढला. गच्चीवरच्या टाकीजवळचा दिवा निघाला, होल्डरमध्ये पाणी होतं. त्या दिव्याखालीच आम्ही कपडे वाळत घालतो, लोखंडी तारेवर. चपलेबद्दल लिहिलेलं मागे घेतो.

मोर्णाकाठ | ५ एप्रिल, रात्री ८:५०

शेवटचं कळवतो. घरातले अकरा सॉकेट उघडले, तीन ठिकाणी तसेच तुकडे निघाले. अर्थची नवी वायर ओढली, खड्डा नव्याने केला, मीटरने मोजून घेतला. मेनला आणि इन्व्हर्टरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचे वेगवेगळे आरसीसीबी बसले. कूलरला तीन तारांची वायर, थ्री-पिन टॉप आणि अर्थची तार पत्र्याला रंग खरवडून, नट-बोल्टने. एक्सटेन्शन काढून टाकलं, खिडकीजवळ स्वतंत्र सॉकेट घेतलं. कूलर खिडकीच्या जाळीपासून चार बोटं लांब ठेवला.

सगळं झाल्यावर वायरमनना विचारलं, तो जुना पंप एकदा लावून बघायचा का? ते आधी नको म्हणाले. मग सगळ्यांना ओट्यावर बसवून, स्वतः लांब उभं राहून त्यांनी पंप बादलीत सोडला आणि बादलीतून एक तार अर्थला जोडली. मुलीने श्वास धरून ठेवला होता. बटण दाबताच आरसीसीबी खट् करून पडला. पंप फिरलासुद्धा नाही.

त्या पंपाची वायर मुळापासून कापून मगच तो भंगारात टाकला, म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही. टेस्ट बटणाचं काम मुलीने मागून घेतलं आहे. कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी तिने लाल पेनाने गोल केलाय. आज पहिला होता, तिने दाबला, पडला, आणि मी परत वर केला.